चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, बाबा

पणजी, रविवार

ती. आई आणि बाबांस,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांना माझं निम्मं बोलणं ऐकूच गेलं नाही, म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे. मुद्दाम मोठ्या अक्षरांत आणि ओळींत अंतर ठेवून लिहिलंय. वाचून झालं की टीव्हीखालच्या कपाटावर ठेवा.

गणेश चवथीला घर भरलेलं होतं. मंडळी गेली, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरली आणि सर्दी तेवढी मागे राहिली. बाबांचं म्हणणं असं की पेपरातली अक्षरं पुसट दिसतात, म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला. टीव्हीवर कोण काय बोलतंय ते कळत नाही, म्हणजे टीव्ही बिघडला. आईचं म्हणणं असं की बाबांनी आवाज चाळीसवर नेला की तिचं डोकं फुटायची वेळ येते. तुम्हा दोघांचंही खरं आहे, पण दोष चष्म्याचा नाही आणि टीव्हीचाही नाही. नाक बंद आहे, एवढंच झालंय.

डोळ्यांतलं पाणी एरवी कुठे जातं? पापणीच्या नाकाकडच्या टोकाला दोन बारीक छिद्रं असतात. तिथून एक नळी निघते आणि ती नाकात उघडते. सर्दीत नाकाची आतली त्वचा सुजते, नळीचं तोंड बंद होतं आणि पाणी डोळ्यांतच साचून अक्षरं तरंगायला लागतात. कानाचंही तसंच. कानाच्या पडद्यामागून एक नळी नाकाच्या मागच्या भागात उतरते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा सारखी होते. ती सुजली की पडदा आत ओढला जातो, बाहेरचे आवाज दबून येतात आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमतो. म्हणून बाबा फोनवर हळू बोलत होते आणि टीव्ही मोठा लावत होते.

तेव्हा बाबा, या सर्दीत डोळे तपासायला जाऊ नका आणि नवा चष्माही करायला टाकू नका. पाणावलेल्या डोळ्यांनी दिलेला नंबर चुकीचा निघतो आणि काचांचे पैसे वाया जातात. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त छळते आणि सात ते दहा दिवसांत ओसरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. दसऱ्याच्या आसपास आपण निवांत जाऊन नंबर तपासू.

अक्षरं पुसट होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. एकात रुमालाने डोळा टिपला की लगेच स्वच्छ दिसतं. तो साचलेल्या पाण्याचा प्रकार. दुसऱ्यात टिपून काही होत नाही, पण चार-पाच वेळा सावकाश पापण्या मिटल्या की अक्षरं सुधारतात आणि अर्ध्या पानानंतर पुन्हा बिघडतात. हा कोरडेपणा आहे. सर्दीच्या ज्या गोळ्या नाक सुकवतात त्या डोळ्यांतला ओलावाही सुकवतात. त्यात टीव्हीकडे किंवा पानाकडे टक लावून बसलं की आपण पापण्या नेहमीच्या निम्म्यानेही मिटत नाही. कोरडेपणा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे नुसते ओलावा देणारे थेंब दिवसातून तीन-चार वेळा चालतात. मागच्या वेळच्या डोळे येण्याच्या औषधाची बाटली फ्रिजमध्ये उरली असेल तर ती टाकून द्या, वापरू नका.

काच पुसायची पद्धतही बदला. सर्दीत काचेवर पाण्याचे आणि शिंकांचे खारट डाग पडतात. आई पदराने पुसते तेव्हा ते डाग पसरतात आणि काचेवर बारीक चरे पडतात. नळाखाली काच धरायची, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, धुवायचं आणि मऊ सुती कापडाने टिपायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

आता आरामखुर्ची. बाबांचा चष्मा वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारा आहे. ताठ बसून समोर पाहिलं तर नजर वरच्या भागातून जाते, सगळं ठीक दिसतं. पण आरामखुर्चीत मागे रेललं की चेहरा छताकडे होतो आणि टीव्ही बघायला बुबुळं खाली वळवावी लागतात. मग नजर काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते. तिथून तीन मीटरवरचा टीव्ही धूसर दिसणारच. माणूस नकळत मान पुढे काढून बसतो आणि तासाभराने मान आणि कपाळ दोन्ही दुखायला लागतात. त्याचा दोष मग सर्दीला दिला जातो. डोक्यामागे एक जाड उशी घ्या, हनुवटी छातीकडे येईल इतकी. नाहीतर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला नुसता लांबचा साधा चष्मा कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे, तो टीव्हीसाठी काढा.

पलंगावर पडून वाचताना हेच उलटं होतं. पुस्तक चेहऱ्यासमोर वर धरलं की नजर लांबच्या भागातून जाते, म्हणून हात वर वर न्यावे लागतात आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. शिवाय आडवं झालं की नाक जास्त बंद होतं, ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी तर हटकून. सर्दीत वाचायचं ते बसूनच. पाठीला दोन उशा, गुडघ्यांखाली एक आणि मांडीवरच्या उशीवर पुस्तक, डोळ्यांपासून 35 ते 40 सेंटिमीटरवर. टेबलाशी बसणार असाल तर देवघरातलं पोथीचं लाकडी व्यासपीठ घ्या. पान आपोआप तिरकं राहतं, नजर आपसूक काचेच्या खालच्या भागात उतरते आणि हात मोकळे राहतात, ते पेल्यासाठी आणि रुमालासाठी लागतातच.

उजेडाकडे तुम्ही दोघंही लक्ष देत नाही. सत्तरीतल्या डोळ्याला तेच अक्षर वाचायला तरुण डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो, आणि भाद्रपदातल्या ढगाळ सकाळी सोप्यावर तेवढा नसतो. पिवळसर उजेडाचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब डाव्या खांद्यामागून पानावर पडेल असा लावा. बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये, नुसता कागद उजळला पाहिजे. गुळगुळीत कागदावर चकाकी आली तर दिवा सरकवण्याऐवजी पान थोडं कलतं करा.

सकाळी उठल्या उठल्या पेपर हातात घेऊ नका. रात्रभर आडवं राहून नाक आणि डोळे भरलेले असतात. अर्धा-पाऊण तास बसून किंवा घरात हिंडून-फिरून झालं, चहा झाला, की नाक बरंच मोकळं होतं. अंघोळीनंतरचा अर्धा तास वाचनाला सगळ्यांत चांगला. वाफ घेणार असाल तर चष्मा काढून, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर अजिबात नको. ते टेबलावर भिंतीला टेकून ठेवायचं. वाफेने सर्दी लवकर जात नाही, थोडा वेळ बरं वाटतं, एवढंच. पातेलं कलंडून भाजलेल्या माणसाला मात्र महिने काढावे लागतात.

नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालणं मला वाफेपेक्षा बरं वाटतं. तयार बाटली मिळते, तीच आणा. घरी करायचं झालं तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं कच्चं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी नाकात घालू नका. नाक चोंदलं की लगेच मोकळं करणारे जे औषधी थेंब असतात ते तीन दिवसांच्या वर नकोत. पुढे त्यांचीच सवय लागते आणि थेंब थांबवले की नाक आणखी चोंदतं.

गोळ्यांबद्दल बाबांनी नीट वाचावं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत तीन औषधं एकत्र असतात: पॅरासिटामॉल, बहुधा 500 मिलिग्रॅम, नाक आकसवणारं एक आणि शिंका थांबवणारं एक. शिंका थांबवणारं जुन्या प्रकारचं असेल तर झोप आणतं, तोंड कोरडं करतं आणि ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे त्यांची लघवी अडवू शकतं. नाक आकसवणारं रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून आईने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये. आणि ही गोळी घेऊन वर तापाची वेगळी गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट जातं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायला टीव्हीजवळच्या खणातलं भिंग वापरा. गोळीच्या गुंगीत वाचलेलं काही लक्षात राहत नाही, तेच पान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. डॉक्टरांनी ती गोळी दिलीच असेल तर रात्रीच घ्या, आणि घेतल्यावर अंधारात रिमोट शोधायला उठू नका. तोल जातो.

काय वाचायचं? सर्दीत लक्ष कमी टिकतं, हे खरंच होतं, तो आळस नव्हे. पाचशे पानांची कादंबरी या आठवड्यात नको. पात्रं मिसळतात आणि चांगलं पुस्तक उगाच वाईट वाटायला लागतं. रहस्यकथा वाचणारच असाल तर पानांत एक चिठ्ठी ठेवा, त्यावर प्रत्येक पात्राचं नाव आणि नातं एका ओळीत. त्यापेक्षा दिवाळी अंक बरे. पाच-दहा पानांत एक गोष्ट संपते आणि मध्येच डोळा लागला तरी धागा तुटत नाही. त्यांचा एक दोष आहे. दोन रकान्यांत बारीक टाईप असतो आणि अंक हातात लोंबतो. मागे पाटी किंवा जाड पुठ्ठा धरला की लोंबत नाही.

बाबांसाठी माझ्या मते सगळ्यांत योग्य वाचन म्हणजे कोश. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड घरात आहेत. नोंद कुठूनही उघडावी आणि दहा मिनिटांत संपवावी. पण खंड जड आहे, छातीवर ठेवून वाचू नका. तो व्यासपीठावरच. मराठी विश्वकोश टॅबवर फुकट वाचता येतो. तिथे दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं होतं, हा छापील पुस्तकापेक्षा मोठा फायदा. टॅबचा उजेड खोलीतल्या भिंतीइतकाच ठेवा, जास्त नको.

आई, माळ्यावरच्या पेटीतली जुनी मासिकं आत्ता काढू नकोस. चार महिन्यांच्या पावसात त्यांना बुरशी लागलेली असते. पान उलटताना ती उडते आणि शिंका सुरू होतात. मग सर्दी हटत नाही असं वाटत राहतं. डांबरगोळ्यांचा वासही सुजलेल्या नाकाला झोंबतो. पाऊस उघडला की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर उभी करून पानं पसरून ठेवू, आणि कोरड्या ब्रशने झाडताना तोंडाला फडकं बांधू. कडक उन्हात नको, कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. पणजीहून कृष्णदास शामा ग्रंथालयाची जी दोन पुस्तकं आणली होती तीही सर्दी जाईपर्यंत बाजूला ठेव. ती उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जायची आहेत.

टीव्हीकडे वळते. सेटिंगमध्ये आवाजाच्या रकान्यात बोलणं स्पष्ट करणारा पर्याय असतो, 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' अशा नावाचा. तो लावा आणि बास कमी करा. मग बावीसवरही शब्द कळतात, चाळीसची गरज पडत नाही. आवाज आपोआप सारखा ठेवणारा पर्यायही असतो, त्यामुळे जाहिरात लागल्यावर दचकायला होत नाही. आपल्या टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला आहेत आणि टीव्ही भिंतीला टेकलाय, त्यामुळे आवाज घुमतो. वीतभर पुढे ओढला तर फरक कळेल. इतकं करूनही बाबांना ऐकू येईना, तर छोटा ब्लूटूथ स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवा. आईला शांतता मिळेल. बंद कानात इअरफोनची बोंडं खुपसून मोठ्याने ऐकणं टाळा.

कान मोकळा करायला नाक दाबून जोराने फुंकायचं नाही, सर्दीत त्याने नाकातला शेंबूड कानाकडे ढकलला जातो. नाक शिंकरतानाही एक नाकपुडी बंद करून, हळू. कानाची नळी उघडते ती गिळल्याने. म्हणून मी एक नेम सांगते: शेजारी कोमट पाण्याचा किंवा कषायाचा, म्हणजे काढ्याचा, पेला ठेवा, आणि प्रत्येक जाहिरातीला दोन-दोन घोट प्या. अर्ध्या तासाच्या मालिकेत दोन-तीनदा जाहिराती लागतात. संध्याकाळच्या दोन तासांत सहज दीड-दोन पेले पोटात जातात, घसा ओला राहतो आणि कान अधूनमधून 'टक्' करून उघडतो. त्याच वेळी खिडकीबाहेरच्या माडाकडे वीसेक सेकंद बघायचं, डोळ्यांनाही तेवढी विश्रांती. चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या (करंज्या) मात्र टीव्हीसमोर नकोत. त्यांचा कोरडा चुरा घशाला लागतो आणि खोकल्याची उबळ येते. उकड्या तांदळाची पेज घ्या.

टीव्ही 43 इंचांचा आहे, खुर्ची दोन ते अडीच मीटरवर असावी. अंधारात बघू नका, टीव्हीमागच्या भिंतीवर एक मंद दिवा चालू ठेवा. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो तो पर्याय बंद करा आणि झोपेचा टायमर साठ मिनिटांवर लावा. ओटीटीवर मराठी कार्यक्रम बघतानाही खालची अक्षरं (सबटायटल्स) लावून ठेवली तर अर्धा कान बंद असूनही काही सुटत नाही, पण तिरकं पडून ती वाचायचा प्रयत्न नको.

नवी गुंतागुंतीची मालिका या आठवड्यात सुरू करू नका. आधी पाहिलेली, आवडलेली गोष्ट बघा. त्यात मधली पाच मिनिटं डुलकी लागली तरी काही बिघडत नाही. क्रिकेटही त्यासाठी उत्तम. चर्चांचे आरडाओरड्याचे कार्यक्रम बंद कानाला नुसता गोंगाट वाटतात. विनोदी नाटकं आईला आवडतात, पण मोठ्याने हसलं की खोकला येतो. ती चौथ्या-पाचव्या दिवसानंतर.

डोळे फारच पाणावत असतील तेव्हा सगळं बंद करून रेडिओ. आपलं पणजी केंद्र 1946 पासूनचं, तेव्हा पोर्तुगीजांचं 'एमिसोरा द गोवा' होतं. ट्रान्झिस्टर ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला ठेवा आणि डोळ्यांवर गार पाण्यात पिळलेली घडी घ्या. मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं गाणं लागलं तर आई सोबत गुणगुणेल हे मला माहीत आहे, पण आई, घसा बसलेला असताना गाणं नको आणि कुजबुजणंही नको. कुजबुजताना घशाला जास्त ताण पडतो. बाबांना पेपर मोठ्याने वाचून दाखवणंही आठवडाभर थांबव.

रिमोट तुम्ही दोघंही हाताळता. गुळगुळीत प्लास्टिकवर सर्दीचा विषाणू काही तास टिकतो, कागदावर त्याहून कमी. रिमोट पारदर्शक झिप पिशवीत घाला, बटणं पिशवीतूनही चालतात, आणि पिशवी रोज साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. रिमोटवर थेट काही फवारू नका, बटणांखाली ओल जाऊन ती अडकतात.

आणि हे ठळक लिहिते. एक डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याला सर्दी समजू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा लघवी अडली तर थेट 108 लावा आणि मग मला फोन करा. ताप तीन दिवसांवर गेला किंवा कानातून पाणी यायला लागलं, तरीही डॉक्टरांकडे जायचं.

शनिवारी सकाळच्या कदंब बसने येते आहे. चिमट्याचा वाचायचा दिवा, नाकाच्या मिठाच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि झिप पिशव्या आणते. तोवर बाबांनी दुसऱ्या खणातला तो साधा चष्मा काढून धुऊन ठेवावा, आणि आईने टीव्ही पुढे ओढताना एकटीने ओढू नये. शेजारच्या मुलाला हाक मार.

तुमची,
ताई